चैत्रातली रपेट: कोल्हापूरच्या शिवारात घोडा नेताना आणि परत आणताना

फाल्गुन लागला की घोडा बाहेर काढावासा वाटतो. ऊस तुटून शिवार मोकळं होतं, पाणंदी सुकतात, माळाला पळस फुललेला असतो. आणि दरवर्षी याच दोन-अडीच महिन्यांत त्याच तक्रारी कानावर येतात: परतताना घोडा लंगडायला लागला, तंगाखाली, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याखाली, सोललं, दुपारी चंदीला (दाण्याच्या खुराकाला) तोंड लावेना, मधमाश्यांनी घेरलं. बसणाऱ्याची मांड कच्ची म्हणून हे होतं असं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा निघायला उशीर झालेला असतो, वाट आधी पाहिलेली नसते आणि कामं उलट्या क्रमानं उरकलेली असतात.

मैदानात कदम चाल आणि दुडकी (हलकी धाव) नीट जमते, घोडा हवा तिथे थांबवता येतो, अशांसाठी हा लेख आहे. एवढं जमत नसेल तर शिवारात जाण्याची घाई करू नका. पहिल्या काही रपेटी कुणाच्या तरी सोबतीनंच करा, आणि सोबतीचा घोडा वयानं पोक्त, शांत असू द्या.

१. आधी परतीची वेळ ठरवा

सगळे निघायची वेळ ठरवतात. ठरवायची असते ती परतीची. मार्चमध्ये नऊच्या आत आणि एप्रिलमध्ये साडेआठच्या आत खोगीर उतरलेलं असलं पाहिजे. कोल्हापुरात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसहानंतर उगवतो, एप्रिलअखेर सव्वासहाच्या आत. म्हणजे हातात जेमतेम दोन-सव्वादोन तास असतात. त्यातली पहिली पंधरा आणि शेवटची वीस मिनिटं साध्या चालीची. उरलेल्या वेळातही दुडकी थोडी आणि चाल जास्त.

घोडा चालत तासाला साधारण ६ किलोमीटर जातो, दुडकीनं १२ च्या आसपास. दोन्ही मिळून दोन तासांत १२-१३ किलोमीटर पुष्कळ झाले. पण अंतरावर जाऊ नका, घड्याळ पाहून वळा. पावणेसातला निघालात तर पावणेआठला जिथे असाल तिथून मागे फिरायचं. समोर देऊळ दिसत असो की तळं, पुढे जायचं नाही. "एवढं टेकाड चढून येऊ" म्हणणाऱ्यांचेच घोडे दहाच्या उन्हात डांबरी रस्त्यावर घामानं निथळताना दिसतात.

संध्याकाळची रपेट मला या दिवसांत कमी पसंत आहे. पाचपर्यंत जमीन तापलेली असते, पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि एप्रिलमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग कधी जमतील याचा भरवसा नाही. गडगडाट ऐकू आला की परत फिरा. झाडाखाली घोडा घेऊन उभं राहू नका.

जपा: पंचांग बघा. रंगपंचमीला कोल्हापुरात घोडा बाहेर काढायचाच नाही. चैत्र पौर्णिमेच्या आधीचे काही दिवस जोतिबाकडे जाणारे रस्ते सासनकाठ्या, ढोल आणि गुलालानं भरलेले असतात, त्या बाजूची रपेट सोडून द्या. जायच्या वाटेवरच्या गावात जत्रा किंवा लग्नाची वरात आहे का, तेही आदल्या दिवशी विचारून घ्या.

२. आदल्या दिवशी वाट पायी किंवा सायकलवर पाहून या

हे काम सगळे टाळतात, आणि निम्मे अपघात इथेच टळतात. गाडीवरून वाट पाहून उपयोग नाही, कारण गाडीवरून खालची जमीन दिसत नाही.

पहिली गोष्ट जमिनीची. पंचगंगेच्या काठाला, प्रयाग चिखली, आंबेवाडी, वडणगे या बाजूला गाळाची काळी माती आहे. पाणी तुटलं की ती भेगाळते, आणि या भेगांत घोड्याचा पाय जाईल एवढी जागा असते. शेजारच्या सरीला पाणी सोडलं असेल तर त्याच पाणंदीचा तुकडा वरून कोरडा आणि आतून लोण्यासारखा मऊ असतो. पन्हाळ्याच्या अंगाला प्रश्न निराळा. मसाई पठारावर मोकळं मैदान दिसलं की भरधाव सोडायचा मोह होतो, पण तो जांभा आहे. वर वाळलं गवत, खाली ओबडधोबड दगड. तिथे चाल आणि सपाट जागी थोडी दुडकी, एवढंच. शिवाय या दिवसांत पठारावर पाण्याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट तारांची. गवे आणि रानडुकरं पिकात येऊ नयेत म्हणून शेतकरी झटका मशीनची तार लावतात. ती बारीक असते, सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतच नाही. तारेचे खांब कुठे सुरू होतात, कुठे संपतात, हे पाहून ठेवा.

तिसरी गोष्ट आग्या मोहोळ. हे सगळ्यांत गंभीर. वड, पिंपळ, सावर यांच्या उंच फांद्या, पाण्याच्या टाक्या, जुने पूल, कडे, या ठिकाणी आग्या माश्यांची मोहोळं लटकतात. माश्या उठल्या तर घोड्याला पळून सहजासहजी सुटता येत नाही, आणि शेकडो डंख बसले तर घोडा दगावू शकतो. मोहोळ दिसलं तर ती वाटच बदला. "लांबून जाऊ" नको, दुसरीच वाट. जवळपास कुणी पाचट पेटवलं असेल तर धुरानं माश्या बिथरलेल्या असतात, हेही लक्षात घ्या.

चौथी गोष्ट माणसांची. पाणंद सगळ्यांची, बांध मालकाचा. ज्याच्या शेताच्या कडेनं जायचं त्याला आदल्या दिवशीच विचारा. "मामा, उद्या सकाळी घोडं घेऊन बांधावरनं जाऊ काय?" एवढं विचारलं तर बहुतेक जण "जावा की" म्हणतात, आणि वर सांगतात, "पर त्या अंगाला पाणी पाजलंय, तिकडनं जाऊ नका." जी माहिती तुम्हाला तासभर फिरून मिळाली नसती, ती एका प्रश्नात मिळते. आणि नकार मिळाला तर तो नकार. ठिबकच्या नळीवर एक टाप पडली की त्याचं नुकसान होतं.

तपासणी: घरी सांगून ठेवलं का कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परत येणार? पशुवैद्य आणि नालबंद यांचे नंबर फोनमध्ये आहेत का?

३. सकाळी घोडा तपासा, मगच खोगिराला हात लावा

उठल्यावर पहिलं काम म्हणजे पाणी आणि मूठ-दोन मुठी वाळलं गवत किंवा कडबा. रिकाम्या पोटी घोडा दुडकीला लावला की जठरातलं आम्ल वरच्या भागाला लागून पोट दुखू शकतं. चंदी मात्र निघण्याआधी नाही. चंदी घातलीच तर पुढचे दोन तास घोडा कामाला लावायचा नाही. सकाळच्या रपेटीला ते जमत नाही, म्हणून चंदी परतल्यावर.

मग हे बघा. रात्रीची लीद नेहमीसारखी आहे का? वैरण संपवली का? शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा. हिरडी गुलाबी, ओलसर हवी. बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. चारही पायांवरून हात फिरवा: कुठे गरम किंवा सुजलेलं लागतं का? खूर आकड्यानं साफ करा, मधला त्रिकोणी मऊ भाग सांभाळून. नाल हलते का, खिळा वर आलाय का ते पाहा. नालबंदी होऊन सहा आठवडे उलटले असतील तर आधी नालबंद, मग रपेट.

शेवटी घोडा दहा-बारा पावलं सरळ चालवून बघा. चालताना डोकं थोडं हलतंच, पण ठरावीक एका पायावर वजन पडताना ते दर वेळी झटक्यानं वर जात असेल तर तो लंगडतो आहे. आजची रपेट रद्द.

जपा: भाड्याच्या घोड्यावर बसणार असाल तर वजनाचा हिशेब आधी करा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत ठीक. ३५० किलोच्या देशी घोड्यावर खोगिरासकट ७० किलो. त्याहून जड असाल तर मोठा घोडा मागा. तो मिळत नसेल तर बसू नका.

४. खरारा, खोगीर, तंग

घाईत सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. पाठीच्या जखमा इथेच जन्म घेतात, आणि त्या भरायला आठवडेच्या आठवडे जातात.

खरारा (ब्रशनं अंग घासणं) अख्ख्या अंगाला नीट करायला वेळ नसेल तर निदान तीन जागा सोडू नका: खोगिराखालची पाठ, कोपरामागे तंग बसतो ती जागा, आणि लगामाचे पट्टे टेकतात तो कानामागचा भाग. या दिवसांत घोड्याची थंडीतली लव झडत असते. सुटलेले केस आणि वाळका घाम यांची गुठळी तंगाखाली राहिली की तासाभरात कातडी सोलते. खरारा झाल्यावर तळहात उघडा ठेवून उलट्या दिशेनं फिरवा. कुसळ, गोचीड, खपली, जे काही असेल ते हाताला लागतं, डोळ्याला दिसत नाही.

खोगिराखालचं पॅड कोरडं आणि धुतलेलं हवं. ते खांद्यांच्या उंचवट्याच्या जरा पुढे ठेवा आणि केसांच्या दिशेनं मागे सरकवत जागेवर आणा. मागून पुढे ओढलं की केस उलटे होतात. वर खोगीर ठेवलं की पॅडची मधली घडी खोगिराच्या पोकळीत वर उचला, म्हणजे उंचवट्यावर दाब येत नाही.

तंग एकदम आवळायचा नाही. तीन वेळा, थोडा थोडा:

पहिल्यांदा फक्त खोगीर सरकणार नाही इतपत. मग लगाम चढवा, आणि घोडा थोडा चालवून आणून दुसऱ्यांदा. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. तंग आवळला की कोपरामागच्या कातडीला वळी पडते, आणि ती वळी पट्ट्याखाली चिमटली जाते. घोडा तक्रार करत नाही, फक्त कान मागे टाकतो किंवा मान वळवून कुशीकडे बघतो. म्हणून पुढचे दोन्ही पाय एकेक करून गुडघ्याखाली धरून अलगद पुढे ओढा. वळी सुटते, कातडी सपाट होते. तिसऱ्यांदा तंग तपासायचा तो स्वार झाल्यावर, पाच-दहा मिनिटं चालून. घोडा आवळताना पोट फुगवून धरतो आणि चालायला लागला की सोडतो, त्यामुळे ही तिसरी तपासणी विसरली की खोगीर उतारावर कुशीला जातं. दोन बोटं सपाट आत जावीत, एवढा तंग पुरे.

लगामाची कडी तोंडात बसली की ओठाच्या कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या याव्यात. नाकपट्ट्याखाली दोन बोटं आणि गळपट्ट्याखाली चार बोटं जावीत. लगामाखाली मोरकी (घोडा बांधायचा तोंडावरचा पट्टा) राहू द्या आणि दोरी सोबत घ्या. वाटेत घोडा बांधावा लागला तर मोरकीच्या दोरीनं बांधायचा. लगामानं बांधलेला घोडा बुजून मागे हटला की तोंड फाटतं.

५. तुमची तयारी

हनुवटीखाली पट्टा असलेलं घोडेस्वारीचं हेल्मेट. बूट टाचेचे, गुळगुळीत तळाचे. स्पोर्ट्स शूज रिकिबीत अडकतात. रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद हवी. फोन खिशात, म्हणजे तुमच्या अंगावर, खोगिराच्या पिशवीत नाही. घोडा सुटला तर फोन त्याच्याबरोबर जातो. पाणी, खूर साफ करायचा आकडा, एक रुंद पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन तुमचं आणि घोड्याचं, दोघांचंही झालेलं असू द्या. अत्तर, सुगंधी तेल लावू नका, त्याच्या वासानं माश्या येतात.

६. पहिली पंधरा मिनिटं फक्त चाल

चढताना ओटा, पार, दगड, काहीतरी उंच जागा वापरा. जमिनीवरून उडी मारून चढलं की खोगीर ओढलं जातं आणि घोड्याच्या पाठकण्याला पीळ बसतो.

निघाल्यावर पंधरा मिनिटं लगाम सैल ठेवून चालवा. थंडीनंतर पहिल्यांदाच बाहेर आलेला घोडा उसळ्या घेतो, त्याला लगेच दुडकीला लावून "ताकद जिरवायची" पद्धत आहे. ती घातक आहे. थंड स्नायूंवर ताण पडतो, आणि घोड्याला वळण लागतं की बाहेर पडलं की धावायचं. तो फारच उतावीळ असेल तर वाटेत छोटी वळणं घ्या, थांबवा, दोन पावलं मागे घ्या, पुन्हा चला.

तपासणी: दहाव्या मिनिटाला तंग पाहिला का?

७. पाणंद, रस्ता, बंधारा

डांबरावर डाव्या कडेनं, चालीनंच. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण मार्चपर्यंत चालतो, तोवर पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून आला तर कडेला रुंद जागा बघून थांबा आणि घोड्याचं तोंड ट्रॅक्टरकडे ठेवा. जे दिसतं त्याला घोडा कमी घाबरतो, मागून येणाऱ्या आवाजाला जास्त. हात वर करून चालकाला सावकाश जायला सांगा, आणि गेल्यावर आभाराचा हात करा. पुढच्या वेळी तो स्वतःहून वेग कमी करतो.

पाणंदीत समोरून बैलगाडी किंवा म्हशी आल्या तर मागे फिरून रुंद जागी थांबायचं काम घोडेस्वाराचं. पीक उभं असलेल्या शेताच्या कडेनं दुडकी नाही. उसातून अचानक मोर, तित्तर किंवा कुत्रा बाहेर येतो, आणि त्याच क्षणी तुम्ही वेगात असता.

नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असल्यानं या दिवसांत एका बाजूला पाणी तुडुंब आणि दुसऱ्या बाजूला खाली कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज. वरची वाट अरुंद, बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, आणि मधोमध समोरून मोटरसायकल आली तर घोडा वळवायला जागा नसते. बंधाऱ्यावरून घोडा नेऊ नका. पूल लांब पडत असेल तर पलीकडे जाऊच नका.

चढाला थोडं पुढे झुका, आयाळ धरली तरी चालेल. उताराला सरळ बसा, घोड्याला तिरकं उतरवू नका.

जपा: वाटेत तोंड घालू देऊ नका. कण्हेर आणि एरंडाच्या बिया घोड्यासाठी जीवघेण्या विषारी, घाणेरीही विषारी. शाळू काढलेल्या रानात धसकटांना कोवळे फुटवे आलेले असतात, तेही नकोत. बांधावरचं गवत हिरवंगार दिसलं तरी त्यावर काय फवारलंय हे तुम्हाला माहीत नसतं. सवय नसलेल्या घोड्यानं उसाचं वाडं भरपेट खाल्लं तर पोटशूळ ठरलेला.

८. बुजला किंवा उधळला तर

शिवारात घोडा ज्याला बुजतो त्या वस्तू ठरलेल्या आहेत: बुजगावणं, पाखरांसाठी बांधलेली चकाकती फीत, अचानक सुरू होणारी पाण्याची मोटर, तुषार सिंचनाचा फवारा. कान टवकारून मान ताठ झाली की समजा. त्या वस्तूकडे तुम्ही बघत बसू नका. नजर पुढच्या वाटेवर ठेवा, घोड्याची मान हलकेच त्या वस्तूपासून दुसरीकडे वळवा आणि पायानं पुढे चालवा. मारून जवळ नेऊ नका. मार खाल्लेल्या घोड्याला एवढंच कळतं की त्या जागी दुखतं, आणि पुढच्या वेळी तो आधीच उधळतो.

उधळलाच तर दोन्ही हातांनी सतत ओढत राहणं ही सहज होणारी चूक आहे. ओढलं की तो त्या ओढीवर टेकतो आणि आणखी जोरात जातो. जागा मोकळी असेल तर एका बाजूचा लगाम हळूहळू आत घेऊन मोठ्या गोलात न्या, गोल लहान करत आणा. पाणंद अरुंद असेल तर खोगिरात खोल बसा, ओढा आणि सोडा, ओढा आणि सोडा. एकदम तोंड वळवलं तर घोडा पडतो.

मधमाश्या उठल्या तर हे काहीच करू नका. लगेच तिथून दूर निघा, जमेल तितक्या लांब, आणि पशुवैद्याला त्याच वेळी फोन करा. घोडा चालतोय, बरा दिसतोय म्हणून थांबू नका.

९. परतीला घाई नाही

घराकडे तोंड झालं की घोडा आपोआप वेग धरतो. त्याला हवं तसं धावू देणं हे पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ. परतीला दुडकी करायची तर पहिल्या निम्म्या वाटेत. शेवटची वीस मिनिटं चाल, लगाम सैल, शेवटी उतरून तंग एक भोक सैल करून पायी. घोडा तबेल्यात शिरताना श्वास शांत हवा.

१०. तबेल्यात आल्यावर

क्रम असा: सावली, खोगीर उतरवणं, थंड पाणी ओतणं, चालवणं, पिण्याचं पाणी, तपासणी. चंदी सगळ्यांत शेवटी, अंग पूर्ण निवल्यावर तासाभरानं.

"तापलेल्या घोड्यावर थंड पाणी घालू नये" आणि "त्याला लगेच पाणी पाजू नये", या दोन्ही समजुती सोडा. घामेजलेल्या घोड्यावर मान, छाती, पोट, पाय, पुठ्ठे सगळीकडे थंड पाणी ओता, आणि पुन्हा ओता. ओली गोणी टाकून ठेवू नका. ती तापते आणि उष्णता आत कोंडते. प्यायला सुरुवातीला काही घोट द्या, दोन मिनिटं चालवा, पुन्हा द्या, मग हवं तेवढं पिऊ द्या. या दिवसांत घोडा दिवसाला ३० ते ५० लिटर पाणी पितो, त्यामुळे दुपारी बादली रिकामी राहता कामा नये. घामातून मीठ जातं, म्हणून चंदीत साधं मीठ दोन चमचे.

दहा-पंधरा मिनिटांनी नाडी ६० च्या खाली यायला हवी. अर्ध्या तासानंतरही ती खाली येत नसेल, अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर असेल, किंवा घोडा घाम येईनासा होऊन धापा टाकत असेल तर पाणी ओतत राहा आणि पशुवैद्याला बोलवा.

मग पुन्हा तोच हात सगळ्या अंगावर फिरवा: पाठ, कोपरामागची जागा, पाय, खूर. खुरात खडा अडकलेला असतोच. खोगिराखाली घामाचा डाग दोन्ही बाजूंना सारखा उमटला पाहिजे. ओल्या भागात एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे खोगीर दाबतं, आणि पुढची रपेट ते दुरुस्त केल्याशिवाय नाही. लगामाची कडी लगेच धुवा, पॅड उन्हात टाका.

११. दुसऱ्या दिवशी सकाळी

पायावर हात फिरवून कालच्याशी ताडून बघा. एका पायाला जास्त गरमी, पाठ दाबली की अंग चोरणं, किंवा घोडा पुढचं पाऊल आखडून टाकतोय, यातलं काहीही असेल तर विश्रांती, आणि दोन दिवसांत उतरलं नाही तर डॉक्टर. घोडा वारंवार लोळत असेल, कुशीकडे बघत असेल, लीद टाकत नसेल तर तो पोटशूळ आहे. चंदी-वैरण काढून घ्या आणि घरगुती काढा पाजत न बसता लगेच पशुवैद्याला बोलवा. सगळं ठीक असेल तर हलकी चाल अर्धा तास, आणि पुढची लांबची रपेट मध्ये एक दिवस सोडून.